विश्लेषण : प्रसूती रजा, संततिनियमन ते कामगार विमा… सभागृहातील डॉ. आंबेडकरांची आरोग्यविषयक कामगिरी नेमकी काय होती?

प्रसूती रजा बाबासाहेबांनी दिली, ईएसआय बाबासाहेबांनी आणली, असे मेसेज दर १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला जालन्यातल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात. त्याखाली लगेच उलटे मेसेज येतात की कायदा दुसऱ्याच कोणी मांडला होता, दुसऱ्याच मंत्र्याच्या काळात तो झाला. खरे काय, हे सभागृहाच्या नोंदी पाहिल्या की कळते. दोन्ही बाजू अर्धवट बोलतात. पूर्ण नोंद मात्र या दोन्हींपेक्षा जास्त सांगते. आपल्या आजच्या आमदाराची आरोग्यातली कामगिरी कशी तपासायची, हेही त्यातून समजते.

मताची नोंद म्हणजे काय?

विधिमंडळात बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. बाजूचे होय म्हणतात, विरोधातले नाही म्हणतात आणि अध्यक्ष निकाल जाहीर करतात. कोणत्या सदस्याने काय मत दिले हे त्यात नोंदले जात नाही. एखाद्याने मतविभागणी मागितली तरच डोकी मोजली जातात आणि नावे कागदावर येतात. त्यामुळे फक्त मतांचा तक्ता करून कोणत्याही लोकप्रतिनिधीचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. भाषण, ठराव, दुरुस्ती आणि खर्च कोणी करायचा याबद्दलची भूमिका हे सगळे जोडून पाहावे लागते. डॉ. आंबेडकरांच्या बाबतीत तर ते फारच गरजेचे आहे.

सभागृहात जाण्यापूर्वी

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. आई भीमाबाई गेल्या तेव्हा भीमराव अगदी लहान होते. पुढे ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले. त्यांचा अभ्यास अर्थशास्त्राचा होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये पुस्तकरूपाने आला. सरकारचा पैसा कुठून येतो, कोणाकडे जातो आणि खर्चाची जबाबदारी कोणाची, हा त्या अभ्यासाचा गाभा होता. पुढे सभागृहातही ते हाच प्रश्न वारंवार विचारताना दिसतात.

मुंबईत त्यांचे घर परळच्या बीआयटी चाळीत होते. भोवती गिरण्या आणि गिरणी कामगारांची वस्ती. रमाबाई आणि बाबासाहेबांच्या पाच मुलांपैकी चार बालपणीच गेली. त्यांतला राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला. एकटे यशवंत मोठे झाले. रमाबाईंचेही दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी निधन झाले. उपचार, पोषण आणि बाळंतपण हे विषय त्या काळच्या चाळीतल्या कोणत्याही घराला परके नव्हते. या घरालाही नव्हते.

ठराव मंजूर झाला, पण दवाखान्याचे दार उघडले का?

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधान परिषदेने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सरकारी पैशांतून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. तेव्हा आंबेडकर सभागृहाचे सदस्य नव्हते. या ठरावाची चर्चा आज पाण्यापुरतीच होते, पण त्याच्या यादीत दवाखानेही होते, हे फारसे सांगितले जात नाही.

महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार आपली तळी खुली केली, पण ती कागदावरच. प्रत्यक्षात पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला आणि त्याचे नेतृत्व बाबासाहेबांनी केले. सभागृहात मंजुरी मिळणे आणि गावात अंमलबजावणी होणे यांतले अंतर त्यांनी आमदारकीच्या पहिल्याच वर्षी पाहिले.

१९२८ : बाळंतपणाचा खर्च कोणाचा?

१९२७ च्या सुरुवातीला आंबेडकर मुंबई विधान परिषदेचे सदस्य झाले. ते निवडून आलेले नव्हते. गव्हर्नरांनी त्यांची नेमणूक केली होती. १९१९ च्या कायद्याने आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण हे विषय प्रांतातील मंत्र्यांकडे दिले होते. त्यामुळे दवाखान्यांचा पैसा याच सभागृहात ठरत असे.

तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत मोठ्या संख्येने बायका काम करत. बाळंतपणात काम थांबले की मजुरी थांबे. त्यामुळे शेवटच्या दिवसांपर्यंत मशिनवर उभे राहणे आणि बाळंत होताच पुन्हा कामावर येणे हेच चालत असे. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आणले होते. ते फेटाळले गेले. मग मुंबईच्या सभागृहात आर. एस. आसवले यांनी तसेच विधेयक मांडले.

२८ जुलै १९२८ रोजी आंबेडकर या विधेयकाच्या बाजूने बोलले. त्यांच्या मांडणीत दोन मुद्दे होते. पहिला असा की, आईला बाळंतपणापूर्वी आणि नंतर विश्रांती मिळणे ही देशाच्या हिताची गोष्ट आहे. म्हणून याचा मोठा भार सरकारने उचलायला हवा. दुसरा असा की, सरकारने तो उचललेला नाही म्हणून मालकाची सुटका होत नाही. बायकांच्या श्रमातून मालकाला फायदा होतो, तर त्यांच्या बाळंतपणातला वाटाही त्याने द्यायला हवा. सरकारने नेमलेला सदस्य सरकारलाच जबाबदारी दाखवून देत होता, हे यात विशेष आहे.

१९२९ मध्ये मुंबई प्रसूती लाभ कायदा झाला. देशातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. तो कारखान्यांपुरता होता आणि पैसे पूर्णपणे मालकाने द्यायचे होते. म्हणजे आंबेडकरांनी सरकारच्या वाट्याचा जो मुद्दा मांडला होता, तो कायद्यात उतरला नाही. यात एक धोकाही होता. सगळा खर्च एकट्या मालकावर असेल, तर बाईला कामावर घेण्यातच तो टाळाटाळ करू शकतो. या अडचणीवर उत्तर शोधायला पुढे बरीच वर्षे लागली.

तर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पहिल्या दाव्याचे उत्तर असे : विधेयक आंबेडकरांनी मांडले नव्हते. त्यांनी त्याला ठाम पाठिंबा दिला आणि खर्चाचा मूळ प्रश्न सभागृहापुढे ठेवला.

१९३८ : ११ विरुद्ध ५२

१९३६ मध्ये आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या निवडणुकीत ते भायखळा-परळ मतदारसंघातून मुंबई विधानसभेवर निवडून आले. आता ते १७५ जणांच्या सभागृहात विरोधी बाकावर होते. सरकार काँग्रेसचे होते आणि बाळासाहेब खेर पंतप्रधान होते. त्या काळी प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधानच म्हणत.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्याच पक्षाचे नगर जिल्ह्यातील आमदार पी. जे. रोहम यांनी एक अशासकीय ठराव मांडला. सरकारने संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि लोकांना त्याची साधने पुरेशी उपलब्ध करून द्यावीत, असा तो ठराव होता. आंबेडकर त्या दिवशी सभागृहात हजर नव्हते. त्यांनी तयार केलेले भाषण रोहम यांनी वाचले. सततच्या बाळंतपणांनी बायकांची तब्येत कशी ढासळते, गरिबी आणि कुटुंबाचा आकार यांचा संबंध काय आणि नीतिमत्तेच्या नावाने घेतले जाणारे आक्षेप का टिकत नाहीत, याची मांडणी त्यात होती.

मतविभागणी झाली. ठरावाच्या बाजूने ११, विरोधात ५२. ठराव पडला.

या आकड्यांत दोन गोष्टी दडल्या आहेत. १७५ पैकी फक्त ६३ मते पडली. शंभराहून अधिक आमदारांचे मत यात कुठेच नाही. दुसरी गोष्ट अशी की, ज्यांचे विचार त्या दिवशी सभागृहात वाचले गेले, त्यांचे नाव त्या ११ जणांत नाही. फक्त मतांचा तक्ता पाहणाऱ्याला आंबेडकर या विषयावर गैरहजर दिसतील. भाषण वाचणाऱ्याला मात्र ठरावाची सगळी बाजू त्यांचीच दिसेल.

हा विषय तेव्हा किती अवघड होता, याची कल्पना एका खटल्यातून येते. समाजस्वास्थ्य हे मासिक चालवून लैंगिक आरोग्य आणि संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र आंबेडकरांनी घेतले. कर्व्यांना दंड झाला. सभागृहातला ठराव आणि कोर्टातला खटला, दोन्ही ठिकाणी ते हरले. पण स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. सरकारी पातळीवर असा कार्यक्रम हाती घेणारा भारत जगातला पहिला देश मानला जातो. ठराव पडल्यापासून यात १४ वर्षे गेली.

१९४२ ते १९४६ : मजूरमंत्री असताना

जुलै १९४२ मध्ये आंबेडकर व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. मराठीत आपण याला मजूरमंत्री म्हणतो. इथे त्यांची भूमिका बदलली. विरोधी बाकावरचा आमदार ठराव मांडतो. मंत्र्याला सरकारचे विधेयक आणावे लागते आणि सरकारच्या निर्णयाचा बचावही करावा लागतो. या काळाची नोंद त्यामुळे सरळ रेषेत जात नाही.

आधी जमेची बाजू. खाणीतील स्त्रियांसाठी १९४१ मध्ये प्रसूती लाभाचा कायदा झाला होता. त्यात बाळंतपणापूर्वीच्या दिवसांच्या पैशांबाबत संदिग्धता होती. ती दूर करणारी दुरुस्ती आंबेडकरांनी १९४३ मध्ये आणली. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधी सुरू झाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर लावायचा आणि त्या पैशातून कामगारांसाठी दवाखाने, पाणी, घरे अशा सोयी करायच्या, अशी त्याची रचना होती. इथे खर्च एका मालकावर न टाकता सगळ्या उद्योगावर वाटला गेला.

आता दुसरी बाजू. महायुद्धात कोळशाचा तुटवडा पडला. सरकारने १९४३ मध्ये स्त्रियांना जमिनीखालील खाणकामाला असलेली बंदी उठवली. आरोग्य आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने हे पाऊल मागे जाणारे होते आणि त्यावर जोरदार टीका झाली. फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात हा विषय आला तेव्हा सरकारचा बचाव आंबेडकरांनीच केला. ही आणीबाणीतली तात्पुरती तडजोड आहे आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी दिली जाते, असे त्यांचे म्हणणे होते. बंदी पुन्हा लागू व्हायला १९४६ साल उजाडले. त्यांच्या आरोग्यविषयक नोंदीत हे पानही आहे. ते वगळून केलेला गौरव अपुरा ठरतो.

ईएसआय कोणाची?

मार्च १९४३ मध्ये मजूर खात्याने प्रा. बी. पी. आदारकर यांना औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम दिले. तेव्हा खाते आंबेडकरांकडे होते. आदारकरांनी १५ ऑगस्ट १९४४ रोजी अहवाल दिला. मालक आणि कामगार दोघांनी ठरावीक वर्गणी भरायची, ती एका निधीत जमा व्हायची आणि आजारपण, बाळंतपण, अपघात यांत त्या निधीतून उपचार आणि पैसे द्यायचे, ही त्यामागची कल्पना.

१९४६ मध्ये आंबेडकर त्या पदावरून गेले. पुढचे मजूरमंत्री जगजीवन राम यांच्या काळात विधेयक आले आणि एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी योजना कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. म्हणजे पाया आंबेडकरांच्या खात्यात घातला गेला आणि कायदा जगजीवन राम यांच्या कारकिर्दीत झाला. दोघांचे नाव घेतल्याने कोणाचेच श्रेय कमी होत नाही.

१९२८ च्या प्रश्नाला इथे एक उत्तर मिळाले. बाळंतपणाचा खर्च एकट्या मालकाच्या खिशातून न जाता सामायिक निधीतून जाणार असेल, तर बाईला नोकरी नाकारण्याचे एक कारण कमी होते.

याच काळात सर जोसेफ भोर समितीने देशाच्या आरोग्य व्यवस्थेचा आराखडा तयार केला. तिचा अहवाल १९४६ मध्ये आला. आजच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची मुळे त्यात आहेत. आरोग्य खाते मात्र आंबेडकरांकडे नव्हते, त्यामुळे या अहवालाचे श्रेय त्यांना देणे चुकीचे ठरेल.

संविधानात काय आले?

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. संविधानाच्या मार्गदर्शक तत्त्वांत अनुच्छेद ४२ हे कामाच्या मानवी परिस्थितीबद्दल आणि प्रसूती साहाय्याबद्दल आहे. अनुच्छेद ४७ नुसार पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे. ही तत्त्वे न्यायालयात थेट हक्क म्हणून मागता येत नाहीत. ती अमलात आणायला कायदा लागतो, अर्थसंकल्पात पैसा लागतो आणि त्यासाठी सभागृहात बहुमत लागते.

सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने राज्य सूचीत आहेत. म्हणून जिल्हा रुग्णालयात डॉक्टर किती आणि औषधे किती, हा मुख्यतः मुंबई-नागपूरच्या विधिमंडळाचा विषय आहे.

१९५२ ची लोकसभा निवडणूक आंबेडकर हरले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांचा पराभव झाला. १९५२ पासून ते राज्यसभेत होते. मधुमेहाने त्यांची प्रकृती ढासळत गेली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

जालन्याशी याचा काय संबंध?

१९२९ चा मुंबईचा प्रसूती लाभ कायदा जालन्यात लागू नव्हता. हा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होता. मुंबईच्या सभागृहात इथला आमदार नव्हता आणि इथल्या मजुराचा प्रश्न तिथे विचारला जाणार नव्हता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्यानंतर पाच आठवड्यांनी बाबासाहेब गेले. जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी.

आज जिल्ह्यातून विधानसभेवर पाच आमदार जातात : जालना, बदनापूर, भोकरदन, परतूर आणि घनसावंगी. २०१९ ते २०२२ या कोरोनाच्या काळात राज्याचे आरोग्यमंत्रीपद घनसावंगीचे तत्कालीन आमदार राजेश टोपे यांच्याकडे होते. २०२४ मध्ये जालन्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले.

ज्या कामगाराच्या पगारपावतीवर ईएसआयची कपात दिसते, त्याच्या पगाराच्या ०.७५ टक्के रक्कम त्याच्याकडून आणि ३.२५ टक्के मालकाकडून जाते. हे दर २०१९ पासूनचे आहेत. प्रसूती रजा २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे दोन्ही विषय एकत्र आणले आहेत.

पण अंबड, मंठा, परतूर भागातून कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी बाई किंवा रोजाने कापूस वेचणारी बाई या २६ आठवड्यांत बसत नाही. तिच्या हाती पगारपावती नसते आणि कामाचा दिवस बुडाला की त्या दिवसाची मजुरीही बुडते. बाळंतपणाचा खर्च कोणाचा, हा १९२८ चा प्रश्न तिच्यासाठी अजून सुटलेला नाही.

आपल्या आमदाराची नोंद कशी तपासाल?

१९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षाने व्हिप काढला की आमदाराला त्याविरुद्ध मत देणे जवळपास अशक्य असते. आमदारकीच जाऊ शकते. त्यामुळे आज नुसत्या मतावरून आमदाराचा कल कळणे आंबेडकरांच्या काळापेक्षाही अवघड आहे. चार गोष्टी पाहाव्या लागतात.

एक, आरोग्यावर किती तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना दिल्या आणि त्यांत आपल्या तालुक्याचे नाव होते का.

दोन, आरोग्य खात्याच्या मागण्यांवर चर्चा झाली तेव्हा ते बोलले का, कपात सूचना दिली का.

तीन, मांडलेल्या मागणीचा खर्च कोणी करायचा हे सांगितले का. सरकार, मालक की रुग्ण? रुग्णालय हवे, एवढे म्हणणे सोपे असते. त्याच्या डॉक्टरांचा पगार कोणत्या लेखाशीर्षातून, हे विचारणारा आमदार वेगळा.

चार, मंजुरीनंतर अंमलबजावणीचा पाठपुरावा केला का. १९२३ चा ठराव मंजूर झाला तरी चवदार तळ्यावर जावेच लागले होते.

विधिमंडळाच्या कामकाजाची इतिवृत्ते प्रसिद्ध होतात. आंबेडकरांची १९२८ आणि १९३८ ची भाषणेही अशाच नोंदींमुळे आज वाचता येतात. बाबासाहेबांवरचा पुढचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी त्या भाषणांवर एक नजर टाकावी. आणि अधिवेशन संपले की आपल्या आमदाराने तिथे आरोग्याबद्दल काय विचारले, हेही पाहावे.